व्हर्च्युअल मशीनच्या आतल्या फायली पुसल्या, तरी लॅपटॉपवर जागा मोकळी होत नाही

पोथीपान · शनिवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहितो, कारण नेमकं कुठे अडलंय ते मलाच नीट कळलेलं नाही.

आमच्या गावच्या वाचनालयात जुने दिवाळी अंक, शाळेचे हस्तलिखित अंक आणि गावातल्या जत्रांची हँडबिलं असा बराच ठेवा आहे. त्यातला निम्मा वाळवीने खाल्ला. उरलेला वाचावा म्हणून आम्ही तिघं शिक्षक गेली दोन वर्षं तो स्कॅन करतोय. स्कॅनर विंडोजच्या लॅपटॉपला जोडलेला आहे. मजकूर ओळखायचं काम टेसरॅक्टवर चालतं आणि ते उबुंटूत (लिनक्सच्या एका प्रकारात) बसवलंय. उबुंटू आहे व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे विंडोजच्या आतच चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, जणू संगणकातला दुसरा संगणक.

मशीन बनवताना डिस्क १२० जीबीची ठेवली होती, 'डायनॅमिकली ॲलोकेटेड' प्रकारची. म्हणजे लागेल तशी वाढणारी. ए-४ आकाराचं एक पान ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलं की न दाबलेली टिफ २६ एमबीची होते. २०० पानांचा अंक म्हणजे ५ जीबीच्या वर. त्यामुळे डिस्क भराभर भरली. गेल्या आठवड्यात सगळ्या मूळ टिफ बाहेरच्या हार्डडिस्कवर हलवल्या, दोनदा ताडून पाहिल्या आणि मगच आतून पुसल्या. आता उबुंटूमध्ये 'डीएफ' (डिस्कचा वापर दाखवणारी आज्ञा) चालवलं की ३१ जीबी वापर दिसतो. विंडोजमध्ये मात्र व्हीडीआय फाइल (जिच्यात मशीनची अख्खी डिस्क साठवलेली असते ती) ९७ जीबीची आहे, तशीच. सी ड्राइव्हवर ६ जीबी उरलेत.

मशीन उडवून नवं करायला मन धजत नाही. दोन वर्षं हाताने दुरुस्त केलेला मजकूर आणि जुन्या शब्दांच्या याद्या त्यात आहेत. त्याच्या प्रती आहेत, पण सगळी मांडणी पुन्हा उभी करायची म्हणजे सुट्टी जाईल. काही मार्ग आहे का?

---

शेवटची_एसटी · शनिवार, रात्री १०:०५

सर, जीपार्टेड वापरा, डिस्कचे भाग लहान-मोठे करायचं साधन आहे. आतलं पार्टिशन (डिस्कचा भाग) १२० वरून ४० वर आणा, फाइल आपोआप लहान होईल.

---

नांगरट · शनिवार, रात्री १०:५१

एसटीभाऊ, तसं होत नाही. पार्टिशन लहान केलं तरी व्हीडीआय फाइल आहे तेवढीच राहते. व्हर्च्युअलबॉक्सच्या 'रिसाइझ'ने डिस्क फक्त मोठी करता येते, लहान नाही. सर, पार्टिशनला हात लावू नका. तुमची डिस्क १२० चीच राहू द्या, आपल्याला फाइल आवळायची आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

असं का होतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागणार नाहीत.

उबुंटू फाइल पुसतं तेव्हा फक्त सातबारा बदलतो. 'हा तुकडा आता कुणाच्या नावावर नाही' एवढी नोंद होते. रानात उभं असलेलं पीक तसंच राहतं. तो सातबारा असतो उबुंटूच्या दप्तरात. विंडोजला आणि व्हर्च्युअलबॉक्सला तो वाचता येत नाही, त्यांना फक्त रान दिसतं. बांधावरून पाहिलं की ९७ जीबी रानात काहीतरी उभं आहे, मग ते मोकळं कसं म्हणायचं?

म्हणून तीन कामं, याच क्रमाने:

पहिलं, आतला कचरा काढणं. टिफ तुम्ही काढल्यात. शिवाय 'ॲप्ट क्लीन' करा, आणि 'जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम' चालवलं की जुन्या नोंदींचे एक-दोन जीबी सुटतात. फाइल मॅनेजरमधून पुसलं असेल तर कचरापेटी रिकामी केली का तेही बघा. हे अनेकदा राहून जातं.

दुसरं, मोकळ्या रानावर नांगर फिरवणं. म्हणजे बिनवापराच्या प्रत्येक ब्लॉकमध्ये (डिस्कच्या छोट्या तुकड्यात) शून्यं भरणं. यासाठी 'झीरोफ्री' नावाचं छोटं साधन आहे, एक्स्ट-२, ३ आणि ४ या लिनक्सच्या तिन्ही फाइल सिस्टिमवर (डिस्कवर फायली मांडायच्या पद्धतींवर) चालतं. अट एकच: ते पार्टिशन माउंट केलेलं (वापरासाठी जोडलेलं) नसावं, किंवा फक्त वाचण्यापुरतं माउंट असावं. चालू उबुंटूच्या मूळ पार्टिशनवर ते चालवू नये. सोपा मार्ग म्हणजे उबुंटूची आयएसओ (इन्स्टॉलेशन सीडीची फाइल) मशीनच्या सीडी ड्राइव्हला लावा, त्यावरून सुरू करा आणि इन्स्टॉल न करता 'ट्राय' निवडा. टर्मिनलमध्ये 'ॲप्ट अपडेट' करून झीरोफ्री बसवा. 'एलएसबीएलके'ने पार्टिशनचं नाव बघा. मग 'सुडो झीरोफ्री -व्ही /डेव्ह/एसडीए२'. तुमच्याकडे २ च्या जागी दुसरा आकडा असू शकेल.

तिसरं, बाहेरून मोजणी. मशीन पूर्ण बंद करा. 'सेव्ह स्टेट' करून ठेवलेलं चालणार नाही. मग विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये व्हर्च्युअलबॉक्सच्या फोल्डरात जाऊन: 'व्हीबॉक्समॅनेज मॉडिफायमीडियम डिस्क "व्हीडीआय फाइलचा पूर्ण पत्ता" --कॉम्पॅक्ट'. पत्त्यात मोकळी जागा असते, म्हणून अवतरणचिन्हं विसरू नका. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टाइप करताना रोमन अक्षरांत करा.

व्हीडीआय १ एमबीच्या ठोकळ्यांनी बनलेली असते. जो ठोकळा पूर्ण शून्यांचा आहे तो कॉम्पॅक्ट काढून टाकतं.

---

पोथीपान · शनिवार, रात्री ११:१८

नांगरटकाका, सातबाऱ्याने डोक्यात प्रकाश पडला. मनापासून आभार.

एक शंका आहे. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने सांगितलं की 'डीडी' या आज्ञेने शून्यांची एक मोठी फाइल बनवायची, डिस्क भरली की ती पुसायची. तेच सोपं नाही का? आयएसओची भानगड नको.

---

सरीवरसरी · शनिवार, रात्री ११:३०

सर, करू नका! तुमच्या सी ड्राइव्हवर ६ जीबी आहेत, म्हणून लगेच लिहिते आहे.

डीडी आतली सगळी मोकळी जागा शून्यांनी भरत जातं. ज्या भागाला आजवर कधी हात लागलेला नाही, तिथेही ते लिहितं. मग वाढणारी डिस्क वाढतच जाते, पार १२० जीबीपर्यंत. तुमची फाइल ९७ वर आहे, तिला आणखी २३ जीबी लागतील आणि बाहेर आहेत ६. मध्येच सी ड्राइव्ह भरेल आणि मशीन जागच्या जागी थांबेल.

झीरोफ्री आधी ब्लॉक वाचतं. तिथे आधीच शून्यं असतील तर पुढे जातं, लिहीतच नाही. न वापरलेला भाग वाचला की शून्यंच मिळतात, त्यामुळे फाइल फुगत नाही. जागा अगदी संपत आलेल्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे. एसएसडीवर विनाकारण लिखाणही होत नाही.

हे मी भोगलेलं आहे. आधीच्या नोकरीत आमचा एक केव्हीएमचा (लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन चालवायच्या सोयीचा) सर्व्हर होता, त्यावर १.८ टीबी जागा आणि मशीनना मिळून कबूल केलेली जागा ४ टीबी. सगळी मशीन एकदम भरणार नाहीत या भरवशावर असं सर्रास करतात. एका संध्याकाळी जागा सोडवायची म्हणून तीन मशीनवर एकाच वेळी डीडी लावलं गेलं. वीस मिनिटांत सर्व्हर काठोकाठ भरला. 'व्हर्श लिस्ट'ने मशीनची यादी पाहिली तर एकामागून एक मशीन 'पॉज्ड'. ज्यांचा या कामाशी काही संबंध नव्हता तीसुद्धा, कारण कुणालाच लिहायला जागा उरली नव्हती. मेलचं मशीन त्यातच होतं. जुन्या आयएसओ दुसरीकडे हलवल्या, थोडी जागा केली, मग 'व्हर्श रेझ्यूम'ने एकेक उठवलं. माहिती गेली नाही, पण ते दोन तास मी विसरलेली नाही. त्या दिवसापासून आधी बाहेरची जागा बघते आणि मगच आत काही करते.

---

खारवारा · रविवार, सकाळी ७:१०

वरच्या दोघांशी पूर्ण सहमत. दोन गोष्टी मशीन सुरू करायच्या आधी बघा.

१. स्नॅपशॉट (मशीनची एखाद्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) आहेत का? असतील तर तुम्ही जे लिहाल ते मूळ व्हीडीआयमध्ये जात नाही, स्नॅपशॉटनंतरच्या वेगळ्या फायलीत जातं. झीरोफ्रीची शून्यंही तिकडेच जातील. मूळ फाइल तशीच राहील आणि दुसरी फुगेल, आणि तुमच्या ६ जीबीत ते परवडणारं नाही. मशीनच्या फोल्डरात 'स्नॅपशॉट्स' नावाच्या उपफोल्डरात काही आहे का बघा. स्नॅपशॉट काढून टाकतानाही विलीनीकरणासाठी जागा लागते, म्हणून घाई नको.

२. व्हीडीआयची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्याच. कॉम्पॅक्ट त्याच फायलीत जागच्या जागी ठोकळे सरकवतं. दुसरी प्रत बनवत नाही, म्हणून तुमच्या ६ जीबीतही ते जमेल. पण मध्येच वीज गेली तर फाइल अर्धवट राहील. लॅपटॉप चार्जरला लावलेला असू द्या. बाहेरची डिस्क फॅट-३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल घेणारच नाही, एनटीएफएस किंवा एक्सफॅट हवी.

---

शेवटची_एसटी · रविवार, सकाळी ९:२५

नांगरटकाका, माझी समजूत चुकीची होती, सांगितलंत ते बरं झालं. आमच्या ऑफिसात व्हीएमडीके (व्हीएमवेअरच्या प्रकारची डिस्क) फाइल आहे, तीही व्हर्च्युअलबॉक्समध्येच चालते. तिला हाच उपाय लागू होतो का?

---

नांगरट · रविवार, सकाळी १०:०२

व्हर्च्युअलबॉक्सचं कॉम्पॅक्ट व्हीएमडीकेवर चालत नाही. आत शून्यं भरून झाली की 'क्लोनमीडियम'ने तिची व्हीडीआय प्रत बनवायची. ती आवळलेलीच बनते. मग मशीनला तीच जोडायची. इथे मात्र दोन्ही फायली एकाच वेळी मावतील एवढी जागा लागते. व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये चालवत असाल तर त्यातच डिस्क आवळायची सोय आहे, तिथे ही उलाढाल नको.

आत विंडोज असेल तर झीरोफ्रीच्या जागी सिसइंटर्नल्सचं 'एसडिलीट' वापरा, '-झेड' पर्याय देऊन. जुन्या लेखांमध्ये '-सी' लिहिलेलं सापडतं. जुन्या आवृत्तीत या दोन अक्षरांचे अर्थ उलट होते, त्यामुळे लोक तासन्‌तास चालवून बसतात आणि फाइल इंचभर हलत नाही. एसडिलीटही डीडीसारखंच सगळीकडे लिहितं, म्हणून बाहेर जागा हवी.

---

पोथीपान · रविवार, रात्री ८:१५

झालं! सगळ्यांचे किती आभार मानू?

सकाळी स्नॅपशॉट तपासले, एकही नव्हता. प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली, त्यातच दीड तास गेला. मग आयएसओवरून सुरू करून झीरोफ्री लावलं. टक्केवारी हळूहळू चढत होती आणि मी दर पाच मिनिटांनी सी ड्राइव्ह बघत होतो. ६ चे ५.८ झाले, त्याखाली गेलेच नाहीत. सरीवरसरीताई, तुम्ही रात्री साडेअकराला लिहिलंत म्हणून मी सकाळी डीडी लावलं नाही.

शेवटी त्याने तिरक्या रेघांनी वेगळे केलेले तीन आकडे दाखवले. पहिला साधारण १ कोटी ७० लाख. त्याचा अर्थ काय?

मशीन बंद केलं, कॉम्पॅक्ट लावलं. पंचवीस मिनिटांत संपलं. व्हीडीआय आता ३४ जीबी. सी ड्राइव्हवर ६९ मोकळे. उबुंटू पुन्हा सुरू करून दहा-बारा फायली उघडून पाहिल्या, शब्दयाद्या जागेवर आहेत.

आत ३१ आणि बाहेर ३४, हे तीन जीबी कुठे गेले, एवढंच कुतूहल आहे.

---

नांगरट · रविवार, रात्री ९:०३

फार छान झालं सर!

पहिला आकडा म्हणजे ज्या मोकळ्या ब्लॉकमध्ये जुना कचरा होता आणि तो शून्य करावा लागला, त्यांची संख्या. दुसरा एकूण मोकळे ब्लॉक, तिसरा सगळे ब्लॉक. एक्स्ट-४ मध्ये ब्लॉक सहसा ४ केबीचा. १ कोटी ७० लाख गुणिले ४ केबी केलं की सुमारे ६५ जीबी येतात. तुमच्या टिफ त्यातच होत्या.

तीन जीबीचं असं आहे. व्हीडीआयचा ठोकळा १ एमबीचा, म्हणजे ४ केबीचे २५६ ब्लॉक. त्यातला एकच ब्लॉक वापरात असला तरी अख्खा ठोकळा राहतो. लहान फायली विखुरलेल्या असल्या की असे ठोकळे खूप होतात, आणि तुमच्याकडे मजकुराच्या हजारो लहान फायली असणार. शिवाय फाइल सिस्टिमचं स्वतःचं दप्तर असतं, ते 'डीएफ'च्या वापरात धरलेलं नसतं.

---

दगडफूल · रविवार, रात्री १०:४०

धागा वाचून मीही माझी डिस्क पाहिली. मी इंजिनिअरिंगला आहे, विंडोजवर डब्ल्यूएसएल-२ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) वापरते. 'एक्स्ट४ डॉट व्हीएचडीएक्स' नावाची फाइल १४० जीबीची झालीय! आत ५० सुद्धा नाहीत. डॉकरचे कंटेनर (प्रोग्रॅम स्वतंत्रपणे चालवायचे डबे) आणि मशीन लर्निंगची मॉडेल्स सारखी उतरवते-पुसते, त्यामुळे असेल. मलाही आयएसओ लावावी लागेल का? माझं विंडोज होम आहे.

---

सरीवरसरी · रविवार, रात्री ११:०६

नाही गं, तुझं काम सोपं आहे. डब्ल्यूएसएल-२ आपली एक्स्ट-४ डिस्क 'डिस्कार्ड' पर्यायासह माउंट करतं. म्हणजे फाइल पुसली की 'हा तुकडा मोकळा झाला' असा निरोप खाली जातो. नांगरटकाकांच्या भाषेत, फेरफाराची नोंद बांधापलीकडेही कळवली जाते. म्हणून शून्यं भरायची गरज सहसा पडत नाही. राहतं फक्त आवळणं, ते आपोआप होत नाही.

आधी 'डॉकर सिस्टिम प्रून'. काय काय काढणार हे सांगून मगच ते विचारतं, ते नीट वाच. थांबलेले कंटेनर जातात, त्यात तुझं काही असेल तर आधी काढून घे. मग 'डब्ल्यूएसएल --शटडाउन'. त्यानंतर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून 'डिस्कपार्ट' उघड आणि एकेक ओळ दे: 'सिलेक्ट व्हीडिस्क फाइल="पत्ता"', 'अटॅच व्हीडिस्क रीडओन्ली', 'कॉम्पॅक्ट व्हीडिस्क', 'डिटॅच व्हीडिस्क'. अनेक ठिकाणी 'ऑप्टिमाइझ-व्हीएचडी' सांगतात, पण ते हायपर-व्हीच्या मॉड्यूलमध्ये येतं आणि होममध्ये ते नसतं. डिस्कपार्ट होममध्येही चालतं.

डॉकर डेस्कटॉप असेल तर त्याची व्हीएचडीएक्स वेगळी असते, ती शोधून तिच्यावरही हेच कर.

अजून एक: '--सेट-स्पार्स ट्रू' हा पर्याय २०२३ मध्ये आला, त्याने फाइल आपोआप लहान होत राहते असं वाचशील. नंतर माहिती खराब होण्याच्या शक्यतेमुळे मायक्रोसॉफ्टने तो बंद ठेवला. आता तो लावायचा तर सोबत '--अलाउ-अनसेफ' लिहावं लागतं. नावातच 'अनसेफ' असलेली गोष्ट तुझ्या प्रोजेक्टवर लावू नकोस. महिन्यातून एकदा हाताने आवळलेलं बरं.

---

दगडफूल · सोमवार, सकाळी ८:५०

ताई, १४० चे ५८ झाले! रात्रीच करून झोपले. खूप खूप धन्यवाद 🙏

---

खारवारा · सोमवार, दुपारी १:२०

माझा प्रश्न विचारतो. माझ्याकडे केव्हीएम आहे, क्यूकाऊ-२ डिस्क (केव्हीएमच्या डिस्क फाइलचा प्रकार), आत डेबियन (लिनक्सचाच प्रकार) आणि पूर्ण डिस्क लक्सने कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक केलेली. झीरोफ्री चालवून उपयोग झाला नाही, उलट फाइल वाढली. असं का?

---

सरीवरसरी · सोमवार, दुपारी २:०५

आतून लिहिलेलं शून्य लक्समधून जाताना सांकेतिक होतं आणि खाली पोचतं तेव्हा ते शून्य राहिलेलं नसतं. बाहेरच्याला ती खरी माहितीच वाटते. कुलूपबंद डिस्कवर शून्यं भरणं म्हणजे नुसती भर.

तिथे 'ट्रिम'चाच मार्ग, म्हणजे 'हा तुकडा मोकळा झाला' असा निरोप खाली पाठवायचा. लिबव्हर्टच्या (केव्हीएमची मशीन सांभाळणाऱ्या साधनाच्या) मांडणीत डिस्कच्या ड्रायव्हर ओळीत 'डिस्कार्ड=अनमॅप' लिहा. आत 'क्रिप्टटॅब'मध्ये (कुलूपबंद डिस्कच्या यादीत) त्या डिस्कपुढे 'डिस्कार्ड' जोडा, कारण लक्स मुळात हा निरोप अडवून ठेवतं. इनिटरॅमएफएस (मशीन सुरू होताना लागणारी फाइल) ताजी करा, मशीन पूर्ण बंद करून सुरू करा, मग 'एफएसट्रिम -एव्ही'. वर्टआयओ-एससीएसआय प्रकाराने जोडलेल्या डिस्कवर हे पूर्वीपासून चालतं. साध्या वर्टआयओ डिस्कवर क्यूइमू (केव्हीएमच्या जोडीचा प्रोग्रॅम) ४.० आणि लिनक्स ५.० पासून, म्हणजे २०१९ पासून. यात एक सूट द्यावी लागते: कोणते ब्लॉक रिकामे आहेत ते बाहेरून पाहणाऱ्याला कळतं, मजकूर कळत नाही. तुम्हाला ते चालणार असेल तरच करा.

नंतर 'एलएस -एल' बघून घाबरू नका. फाइलची लांबी तीच दिसते, आत भोकं पडलेली असतात. खरी व्यापलेली जागा 'डीयू -एच' किंवा 'क्यूइमू-इमेज इन्फो' सांगतं. आणि अशी फाइल दुसरीकडे नेताना 'आरसिंक'ला '--स्पार्स' द्या. साध्या 'एससीपी'ने नेली की भोकं भरून ती पूर्ण आकाराची होऊन पोचते.

---

पोथीपान · सोमवार, रात्री ९:३०

ताईंचं वाचून वाटलं, व्हर्च्युअलबॉक्समध्येही हा निरोप पाठवायची सोय आहे का? आम्ही दर महिन्याला दोन-तीन अंक करतो, पुन्हा ९७ वर जायला वेळ लागणार नाही.

---

नांगरट · सोमवार, रात्री १०:१४

आहे. मशीन बंद ठेवून 'व्हीबॉक्समॅनेज स्टोरेजअटॅच'ने तीच डिस्क पुन्हा जोडायची आणि सोबत '--डिस्कार्ड ऑन' व '--नॉनरोटेशनल ऑन' द्यायचं. डिस्क व्हीडीआय हवी, ती तुमची आहेच. साटा कंट्रोलरला जोडलेली असू द्या. मग उबुंटूत 'एफएसट्रिम -एव्ही' चालवलं की मशीन चालू असतानाच फाइल लहान होते. उबुंटूत याचा साप्ताहिक टायमर आधीच असतो, पण तुम्ही अंक पुसल्यावर लगेच हाताने चालवा.

१ एमबीचा ठोकळा सलग आणि पूर्ण मोकळा असेल तरच तो परत मिळतो. टिफ २६ एमबीच्या, त्यामुळे तुम्हाला चांगला गुण येईल. पहिल्यांदा करताना कालची प्रत पुसू नका.

शिवाय टिफ आत न्यायच्याच कशाला? विंडोजवरचं फोल्डर 'शेअर्ड फोल्डर' म्हणून उबुंटूला दाखवा. टेसरॅक्ट तिथूनच वाचेल आणि आत फक्त मजकूर लिहिला जाईल.

---

पोथीपान · पुढचा रविवार, संध्याकाळी ६:४८

दोन्ही केलं. शेअर्ड फोल्डर लावला आणि डिस्कार्डही. मुद्दाम एका अंकाच्या १८० टिफ आत नेऊन पाहिल्या: फाइल ३४ वरून ३९ वर गेली. पुसून एफएसट्रिम चालवलं, पुन्हा ३४.

आज एका हस्तलिखित अंकाला सुरुवात केली. टेसरॅक्टला ते अक्षर वाचता येत नाही, म्हणून दोन विद्यार्थिनी बसून टाइप करताहेत. सी ड्राइव्हवर ६६ जीबी आहेत, लाल पट्टी गेली.